फिकट नोंदींचे मामा

अन्याय झाला तो माझ्या मामांवर. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर. मी तिथे होते आणि घड्याळ बघितलं होतं. वार्षिक सभा सुरू होती. सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "ऑफिसच्या कंप्युटरची वाट लावली ती मामांनी," आणि लोक हसले. ज्या माणसाने खात्री केल्याशिवाय आयुष्यात एका टाचणीच्या नोंदीवरही काट मारली नाही, त्याच्यावर हसले. उभ्या मुंबईत इतका सावध माणूस दुसरा नाही, हे मी भाची म्हणून नाही, पुराव्यानिशी सांगते.

मामा घाटकोपरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे स्टोअरकीपर होते. त्यांच्या ताब्यात जडवस्तू संग्रहाची नोंदवही असे. म्हणजे टेबलं, तराजू, भिंगं असल्या टिकाऊ सामानाचं रजिस्टर. दरवर्षी प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघायची, तिला हात लावायचा आणि मग टिक करायची. मोडली असेल तर तुकडे दाखवायचे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, मगच नोंद कमी करायची. सरकारी मराठीत याला निर्लेखन म्हणतात, आणि मामा तो शब्द असा उच्चारतात जणू पाहुण्याला जिन्यापर्यंत सोडायला निघालेत. निवृत्तीनंतर नोंदवही कॉलेजात राहिली, सवय घरी आली. मामी सांगते, "पहिल्याच आठवड्यात वाट्या तपासायला घेतल्या. म्हणाले, एक दिसत नाही, तुकडे कुठेत? मी म्हटलं, अहो, तुकडे कचऱ्यात जाऊन सतरा वर्षं झाली. आता काय मला निलंबित करताय?"

मामीला वाचवलं कंप्युटरने. त्यात एक यादी असते, त्याला काय काय जोडलंय त्याची. तुम्ही प्रिंटर विकता, वेबकॅम मोडतो, स्कॅनर बहिणीला देऊन टाकता. यादी मात्र कुणालाच सोडत नाही. ती नावं फक्त लपवते. लपलेली दाखव म्हटलं की फिकट अक्षरांत सगळी वर येतात. मामांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मामीच्या म्हणण्याप्रमाणे लग्नातसुद्धा नव्हतं. घरोघरी पडून असलेल्या, कुणीच न तपासलेल्या नोंदवह्या. तेव्हापासून दर रविवारी साडेदहाला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत लांबट वही घेऊन मामा बिल्डिंगमधल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी जुन्या नोंदी काढायला जाऊ लागले. फुकट. चहासुद्धा अर्धाच.

आता तुमचा भाचा हे काम पाच मिनिटांत करेल. फिकट दिसलं की उडव, फिकट दिसलं की उडव. मामांना एका घराला तीन रविवार लागतात, कारण ते प्रत्येक नोंदीला थांबून विचारतात, "वस्तू कुठे आहे?" आणि 'माहीत नाही' हे उत्तर त्यांच्या वहीत बसत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्कॅनर जोगेश्वरीच्या बहिणीला दिला होता. मामा बसने जोगेश्वरीला गेले. अनोळखी दारावर बेल वाजवली आणि म्हणाले, "मुलुंडहून आलोय, स्कॅनर बघायला." त्या बाईंना वाटलं, विकत घ्यायला आलेत. वहीत नोंद आहे: 'स्कॅनर एक, सुस्थितीत. वर लोणच्याची बरणी.' खाली त्या बाईंची साक्षीदार म्हणून सही. मग परत येऊन मामांनी काकूंच्या कंप्युटरवरचं नाव काढलं, आणि काढण्याआधी काकूंना स्क्रीनसमोर उभं केलं. काकू अजून सांगतात, "मला उगाच गलबलल्यासारखं झालं गं. स्कॅनरच तो, पण."

मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, सरळ सगळी फिकट नावं उडवा ना. कुणाचं काय जातंय?" मामांनी चष्मा काढला. "फिकट म्हणजे गेलेलं नव्हे. नुसतं बाहेर गेलेलंही असेल. ते परत येतं, आणि आपण नाव कापून बसलेले असतो." आमच्या वॉर्डात मतदारयादीतून नावं कापली गेली तेव्हा मी पत्रक काढलं होतं, त्यावर हे वाक्य जसंच्या तसं छापलं. मामांनी ते वाचून फक्त एवढंच विचारलं की पत्रकाला क्रमांक का नाही.

तर आता त्या रविवारचा खरा प्रकार. सभेच्या दोन आठवडे आधी मामा सोसायटीच्या ऑफिसात गेले. यादीत रुंद कागदाच्या जुन्या प्रिंटरचं नाव फिकट होतं. तो वर्षातून एकदाच, सभेआधी सभासदांचं मोठं रजिस्टर छापायला निघतो. एरवी कुठे असतो कुणाला ठाऊक नाही. मामांनी वहीत लिहिलं: 'प्रिंटर जागेवर नाही. माळा पाहणे बाकी. निर्लेखन करू नये.' पुढच्या रविवारी शिडी घेऊन येतो, असं सांगून गेले. सेक्रेटरींना धीर कुठला. युक्ती त्यांनी मामांच्या खांद्यावरून बघून ठेवली होती. मामांची पाठ वळताच त्यांनी सगळी फिकट नावं उडवली, आणि कंप्युटरने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला होकार देत प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअरही काढून टाकलं. त्याची सीडी कधीच हरवलेली. पुढच्या रविवारी मामा शिडी घेऊन गेले तर ऑफिसला कुलूप. सभेच्या आदल्या दिवशी प्रिंटर माळ्यावरून खाली आला आणि ढिम्म बसून राहिला.

सभा संपल्यावर मी वही घेऊन सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी ते पान वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "अगं, मला पुढच्या वर्षी परत उभं राहायचंय. मामांचं वय झालंय यार, त्यांच्या नावावर गेलं तर कोण काय बोलणार?"

"मी बोलणार."

"तू तर रोजच बोलतेस."

आणि मामा? सभेत ते गप्प बसले. घरी येऊन मी भांडले, तर म्हणाले, "आरोप तोंडी आहे. लेखी आला की लेखी उत्तर देईन." दोन दिवसांनी लेखीही आलं. तळमजल्याच्या फळ्यावर नोटीस लागली: कोणीही आपल्या कंप्युटरला मामांना हात लावू देऊ नये. मामांनी ती उभं राहून वाचली. "ही मला उद्देशून नाही. सभासदांना आहे. मी कसं उत्तर देणार?" मामी म्हणाली, "मग मी देते, लाटण्याने." त्यावर ते हसलेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून एकाही घराने त्यांना बोलावलेलं नाही. काकूंनीही नाही. त्या जिन्यात भेटल्या की पिशवीत काहीतरी शोधायला लागतात.

गेल्या शनिवारी मी मैत्रिणीकडून एक वेबकॅम आणला, माझ्या लॅपटॉपला जोडला, काढला आणि परत देऊन टाकला. रविवारी साडेदहाला लॅपटॉप घेऊन मामांकडे गेले. ते इस्त्रीचा शर्ट घालूनच बसले होते. त्यांनी यादी उघडली, फिकट नावावर गेले, आत जाऊन ते कधी जोडलं होतं ती तारीख बघितली.

"हे कालचं आहे."

"हो."

"खोटी नोंद करू नये गं," म्हणाले. मग वही उघडली, रेघ मारली, आणि अगदी सावकाश, वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. वेबकॅम एक. साक्षीदार म्हणून मामीची सही घेतली. कशालाही टोमणा मारल्याशिवाय न राहणाऱ्या माझ्या मामीने सहीखाली न सांगता तारीखही घातली.

माझं मागणं तुमच्याकडे आहे. आमच्या सोसायटीत राहत असाल तर ती नोटीस आज उतरवा, आणि येत्या रविवारी मामांना घरी बोलवा. आणि त्यांनी विचारलं, वस्तू कुठे आहे, तर 'माहीत नाही' म्हणू नका. उठा, स्टूल घ्या, माळ्यावर बघा.