हालत होती ती गाडी

आक्का गेली त्या सकाळी मी परभणीतल्या माझ्या गॅरेजात एका टेम्पोखाली आडवा होतो. खालून बायकोच्या चपला दिसल्या. इतक्या वर्षांत ती गॅरेजवर तीनदा आली असेल, तीही घरी पाहुणे आले म्हणून बोलवायला. मी सरपटत बाहेर आलो तेव्हा म्हणाली, "झरीहून दाजींचा फोन होता. हात धुऊन घ्या आधी." मी हात धुतले. ग्रीस निघत नव्हतं, म्हणून परत धुतले... दाजी म्हणजे आक्काचे यजमान. आम्ही झरीला पोचलो तेव्हा ते अंगणात उभ्या असलेल्या बसच्या पायरीवर बसले होते. आक्का त्या बसमधल्या तिच्या पलंगावर चहा पिऊन जी पडली, ती उठलीच नाही. येईल त्याला दाजी एकच सांगत होते, "गाडी उभी व्हती. चालू नव्हती." लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मला मात्र त्यांचं म्हणणं बरोबर कळत होतं, आणि ते दुसऱ्यांना कळावं म्हणूनच पाच आठवड्यांनी हे लिहायला बसलोय.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत अशा लेखांमधून मोठी माणसं भेटतात. माझी बहीण चौथी शिकलेली, निम्मं आयुष्य कापसाच्या शेतात गेलेली. पण मी तीसहून जास्त वर्षं गाड्यांचे शाफ्ट दुरुस्त करतोय, आणि जिने कधी पाना हातात धरला नाही तिने मला या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं शिकवलं. ते शिकवायला तिला माझा अपमान करावा लागला नाही, हा तिचा मोठेपणा. लायकी तर होती माझी.

दाजी बसवर ड्रायव्हर होते. आक्काचा टोमणा ठरलेला असायचा, "सगळ्या दुनियेला फिरवलं ह्यांनी. मला मातर पोखर्णीच्या फुडं न्यायला टायम भेटला न्हाई." आमचं माहेर गंगाखेडचं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, आणि आक्का लहानपणी घाटावर कपडे बडवताना विचारायची, एवढं पाणी रोज जातं तरी कुठं? म्हातारपणीही तिचं तेच, "गंगा समुद्राला कुठं भेटती, तेवढं मला बगायचंय." दाजींनी रिटायर झाल्यावर एका शाळेची जुनी बस घेतली, सगळे बाक उपटले आणि आत पलंग, गॅस, मोरी, पाण्याची टाकी असं घर थाटलं. गावाने नावं ठेवली. दाजींनी कुणाला भीक घातली नाही.

पहिल्याच फेरीत बस घुमायला लागली. मी खाली शिरलो आणि पाच मिनिटांत दुखणं सांगितलं. चाळीस पोरं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या कमानपाट्यांवर आता दोन माणसं, मग पाटे मोकळे होऊन गाडी मागून उचलणारच. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याचा तिरकेपणा त्यामुळे बदलला होता. मी दोन पाटे कमी केले, पाण्याची टाकी मागे सरकवली आणि आवाज गेला. नवं घर बांधताना वास्तू बघतात तसा बसचं घर करताना शाफ्ट बघावा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना ऐटीत सांगत आलो. माझी कॉलर एवढी ताठ झाली होती की मान वळत नव्हती.

आक्काचा पलंग मात्र शाफ्टच्या मधल्या बेअरिंगच्या बरोबर वर आला होता. कुणी ठरवून केलं नव्हतं, खिडकी तिथे होती म्हणून. वर्षभरात तिला पाठीखालचं सगळं कळायला लागलं. "चिमन्या बोलायल्यात" असा तिचा फोन आला की समजायचं, शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा क्रॉस कोरडा पडलाय. "निगताना उंबरा लागायलाय" म्हणाली की सांध्यात ढिलाई. मी जाऊन बघावं तर क्रॉसच्या टोपीशी तांबूस भुकटी साचलेली असायची, म्हणजे आतले सुईसारखे बारीक रोलर झिजायला लागलेले. पुढे तिने दाजींना नेमच घालून दिला. दर अवसेला गाडी धुऊन नारळ फोडायचाच असतो, तर त्याच दिवशी ग्रीसही मारायचं. क्रॉसला चार टोप्या. चारींमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईस्तोवर पंप मारायचा. दाजी तिसरीवर थांबले की ही खिडकीतून म्हणायची, "तीन लेकरं जेवली म्हून चवथ्याचं प्वाट भरतं का?"

मग तिला कंपवात झाला. उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हालायचा. ती त्याला हसायची, पण आम्ही हसत नव्हतो. दाजींनी ठरवलं की दसरा झाला की गंगेच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत जायचं. मला म्हणाले, एकदा सगळं बघून दे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी झरीला जाऊन शाफ्ट उतरवला. शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकाचे दाते दुसऱ्यात सरकतात. सोडवायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर रंगाची खूण करायची आणि जोडताना खूण खुणेला लावायची, हा आमच्यातला पहिला धडा. एक-दोन दाते इकडेतिकडे झाले तर दोन्हीकडचे सांधे एकमेकांशी भांडतात आणि गाडी थरथरते. मी पिवळी खूण केली, दोन्ही तुकडे वेगळे केले आणि नवा क्रॉस आणायला परभणीला आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर शाफ्ट चांदीसारखा चमकत होता. दाजींनी पूजेसाठी त्याला रुपेरी रंग मारला होता, प्रेमाने दोन हात. "पूजेला काळं त्वांड कसं दाखवायचं?" म्हणाले. खूण रंगाखाली गेली होती. खरवडली असती तर दिसली असती, पण आरतीला माणसं खोळंबली होती आणि माझ्यापाशी तीस वर्षांची नजर होती. मी नजरेने जोडला. पुढे ड्रायव्हरच्या सीटवर बसून झरीच्या खड्ड्यांतून चक्कर मारली, चाळीसच्या वर गेलोच नाही आणि म्हणालो, लोणी आहे.

ते निघाले आणि नांदेडच्या पुढून आक्काचा फोन आला. "बाळू, गाडी थरथरायलीय." मी विचारलं, "आक्का, गोळीची वेळ चुकली का गं?" मग दाजींनी फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, मला तर पुढं काही जाणवत नाही, तिचं दुखणं वाढलं वाटतं. मीही म्हणालो, असेल. डॉक्टरांनीही फोनवर प्रवास नको असं सांगितलं. ते अर्ध्या वाटेतून परत फिरले. आठ दिवसांत गाडी विकायचं ठरलं, गिऱ्हाईकही बघून गेलं. आक्काने आता घरातच पडून राहावं, असं आम्ही दोघा शहाण्यांनी तिच्यासमोर बोलून टाकलं.

ती म्हणाली, "इका. पन आदी बाळूला माज्या पलंगावर एकदा निजू द्या."

नाही कसं म्हणणार? मी पलंगावर आडवा झालो, ती शेजारी खुर्चीत बसली. मधला पडदा तिने ओढून घेतला, वेगाचा काटा दिसू नये म्हणून. दाजींना सांगितलं की मोठ्या रस्त्याला घ्या आणि आपण वेग सांगेस्तोवर तोंडातून शब्द काढू नका. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता साठच्या वर गेली." दाजी पडद्यापलीकडून म्हणाले, "हाय, बासष्ट." मग, "आता उतरली पन्नासाखाली." "हाय." असं पाच-सहा वेळा झालं, एकदाही चुकली नाही. साठच्या वर माझ्या पाठीखाली बारीक थरथर उठायची आणि गाडी हळू झाली की विरायची. मी डोळे मिटून पडलो होतो... खरं तर उघडायचं धाडस नव्हतं. आक्का म्हणाली, "माजा हात निवांत बसल्यावर हालतो. ही पळाया लागल्यावर हालती. आन् माज्या हाताला काटा कुटं दिसतोय?"

गाडी कडेला घेतली. मी खाली शिरून पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. पिवळ्या खुणा सापडल्या, दोन दात्यांनी सरकलेल्या. तिथेच सोडून जोडला. परतताना दाजींनी सत्तरला नेली आणि पलंग जरासुद्धा थरथरला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर आक्का म्हणाली, "चूक कुनाचीबी व्हती रं. पन तू माज्या हाताकडं बगून बोल्लास. शाफ्टकडं बगाया पायजे व्हतं."

एवढंच. नंतर तिने हा विषय पुन्हा काढला नाही. मला लाज वाटली, आजही वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

गाडी विकली नाही. दिवाळीनंतर ते निघाले आणि आक्काने गंगा समुद्राला मिळताना बघितली. दाजी सांगतात, बराच वेळ बघून म्हणाली, "एवढ्यासाठी एवढी पळत व्हती व्हय ही?" आणि पोट धरून हसली. त्यानंतरही दोन वर्षं ती फिरली. हात शेवटी फार हालायचा, पण गाडीबद्दल तिचा शब्द आम्हा दोघांसाठी शेवटचा होता. दाजींचं "गाडी उभी व्हती" त्यातलंच: ती गेली ते गाडीमुळे नव्हे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

परवा गॅरेजवर एक जण जीप घेऊन आला. मागच्या सीटवर त्याची आई. तो म्हणाला, "गाडी ठीक हाय, फकस्त ग्रीस मारा. मागून आवाज येयलाय म्हनती ही, पन हिच्या कानाचंच काहीतरी हाय." मी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि मागचं दार उघडून म्हाताऱ्या बाईंना विचारलं, कधी येतो, चढाला की उताराला? त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, खरंच विचारतोय का म्हणून. मग सावकाश सांगितलं, उताराला, ब्रेक सोडल्यावर. मी खाली शिरलो. शाफ्ट बघितला, क्रॉस बघितला, बेअरिंग हाताने फिरवून बघितलं. काही सापडलं नाही. बाहेर येऊन कपाळ पुसलं, बाईंना म्हणालो, "थांबा हं," आणि पुन्हा खाली गेलो.