उंबऱ्यावरचं विरजण

सखूमावशीच्या उंबऱ्यावर आज विरजणाची वाटी उपडी पडली होती. आमच्या गल्लीत दही लागतं ते तिच्याच विरजणानं. शेजारच्या दोन भावांचं मधल्या भिंतीवरून भांडण पेटलं, तरी ती दोन्ही घरी वाटी देत राहिली.

"त्यांनाही विरजण देतेस ना? मग तू त्यांचीच," म्हणत धाकट्याच्या बायकोनं वाटी ढकलली.

"अगं, माझं कुणाशीच भांडण नाही." मावशी हे बोलली तेव्हा ती बाई निघून गेली होती.

आमच्या घरातून शाळेत गेलेला मी पहिला. माझ्या गुरुजींनी फळ्यावर पहिल्या महायुद्धाचा नकाशा काढला होता. एका राजपुत्राच्या खुनातून ते पेटलं. लढणारे देश रंगवलेले, तटस्थ देश कोरे होते. पण शत्रूला धान्य पुरवतात म्हणून त्यांचीही जहाजं बुडू लागली, तेही एकेक करून युद्धात उतरले, आणि गुरुजी एकेका कोऱ्या देशात रंगीत खडू फिरवत गेले. तेव्हा तो रंग मला आवडला होता.

संध्याकाळी मावशीनं दोन्ही भावांच्या घरच्या दोन वाट्या समोर ठेवल्या. मग तिनं एकच भरली.