मोहन रोकाचा परत दिलेला नारळ

मोहन रोका. चार वर्षांपूर्वीची देवदिवाळी, सकाळचे दहा वाजायला आले होते, आमच्या ग्रामदेवतेचा सभामंडप. अन्याय झाला तो याच्यावर, आणि तेव्हा. करणारा मी. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, संघटनेत नाही, आणि पत्रकात तर नाहीच. पत्रकात मी बरोबर उलटं लिहिलं. त्याकडे येतो. पण आधी तो कोण होता ते ऐका, कारण त्याच्याबद्दल बोलताना माझी मान अजून ताठ होते.

मोहनचे आईवडील नेपाळातून मसुऱ्याच्या बाजूला आंब्याच्या कलमांच्या बागा राखायला आले. मोहन जन्मला इथेच. पहिलीपासून माझ्या बाकावर. मालवणी माझ्यापेक्षा अस्सल. कोणी 'गुरखो' म्हणून चिडवलं तर असं काही उलटं ऐकवायचा की गुरुजी तोंड फिरवून हसायचे. मी समुद्राकाठचा असून पाण्याला भ्यायचो. डोंगरातल्या माणसांच्या या पोराने मला पोहायला शिकवलं! भरतीच्या तयारीला तो ओल्या वाळूवर धावायचा आणि मी बाजूने सायकलवर, हातात मोबाईल धरून वेळ मोजायचो. पलटणीत निवड झाली तेव्हा पेढ्याचा पहिला पुडा आमच्या घरी आला.

मग मी चळवळीत गेलो. 'आमचा गाव, आमची जमीन.' ती चीड खोटी नव्हती, आजही नाही. डोंगरच्या डोंगर विकले गेले, आमच्याच लोकांनी विकले. पण खरं सांगू? ज्याने डोंगर विकत घेतला त्याच्या फाटकाशी जायची माझी छाती झाली नाही. ज्याने तो राखला, त्याला हटकणं सोपं होतं.

त्या सकाळी मोहन रजा संपवून सीमेवर निघाला होता. काकी — त्याची आई — नारळ घेऊन देवळात आली. आमच्याकडे पोर परमुलखाला निघालं की नारळ ठेवतात. गावचा मानकरी गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो, पोराला सुखरूप ठेव म्हणून, आणि जमलेला गाव त्याला 'होय म्हाराजा' म्हणतो. एवढंच. मुंबईला पहिल्या नोकरीवर निघालेल्याला मिळतं ते तिला हवं होतं. आबा गावकारांनी नारळ हातात घेतलासुद्धा, "बा देवा म्हाराजा" म्हटलंसुद्धा —

आणि मी बोललो.

"आबा, गाऱ्हाणां गावातल्यांसाठी आसता. हेंचो देव हेंच्या मुलखात."

आदल्या आठवड्यात बाहेरच्यांविरुद्ध पत्रकं वाटली होती ना मी? चार कार्यकर्ते मागे उभे होते. त्यांच्यासमोर नरमाई दिसली असती. मंडपात एकही माणूस मला गप्प बस म्हणाला नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे, आणि तो काकीच्या हातात परत दिला. देवासमोर उचललेला नारळ परत दिलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तुम्ही पाहिलाय?

मोहन खांबाला टेकून उभा होता. पुढे झाला, आईच्या हातातून नारळ घेतला आणि पिशवीत टाकला. "ऱ्हवांदे आबा. माझ्यावांगडा येतलो तो. थंय खावक तरी गावतलो." म्हणजे, सोबत येईल, तिकडे खायला तरी मिळेल. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारली — नेहमीसारखीच. ती थाप मी चार वर्षं वागवतोय.

पुढच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. त्यांच्या चौकीवर गोळे पडत होते. एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन मोहन खाली आला, दुसऱ्यासाठी पुन्हा वर गेला. तो आला नाही. तेवीस वर्षांचा होता.

शवपेटीसोबत पलटणीतले जवान आले, त्यांत तो पाठीवरून उतरवलेला सोबतीही होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने हिंदीत काकीला आणि मला सांगितलं की मोहनने तिकडे पोचल्यावर नारळ फोडून सगळ्यांना वाटला होता. म्हणाला होता, माझ्या गावाने देवासमोर ठेवून दिलाय, साऱ्या गावाने माझ्यासाठी मागणं मागितलंय.

हे ऐकून मी काय केलं असेल? रडलो? नाही. खिशातलं श्रद्धांजलीचं पत्रक काढून त्यात एक ओळ वाढवली. आणि शाळेच्या मैदानावर, हजारभर माणसांपुढे वाचली — 'देवदिवाळीला गाऱ्हाणं घालून अख्ख्या गावाने आपल्या या सुपुत्राला निरोप दिला.' टाळ्या पडल्या. काकी पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. देवळात होते त्यांच्यातलंही कोणी बोललं नाही. ती ओळ सगळ्यांच्याच सोयीची होती.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "तो गावासाठी खोटां बोललो. तू कोणासाठी, बाबू?"

उत्तर तेव्हाही ठाऊक होतं. त्याने गावाची अब्रू झाकली. मी माझी. खोटं एकच — पण त्याचं आठवून मान ताठ होते, माझं आठवून खाली जाते.

आबा वारले; आता गावकार त्यांचा मुलगा. काकी त्या देवदिवाळीनंतर देवळाची पायरी चढलेली नाही. मोहनची धाकटी बहीण यंदा नर्सिंग शिकायला बाहेर निघालीय, देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. काकीला 'नारळ घेऊन ये' म्हणायचं तोंड मला नाही. तुम्हा गावकऱ्यांना आहे. माझं काय करायचं ते नंतर बघा, किंवा बघूच नका. त्याआधी तिच्या दारात जा, तिला घेऊन या. आबांच्या मुलाने नारळ उचलला आणि माझ्यासारखा कोणी तोंड उघडायला लागला, तर या वेळी मंडपात गप्प उभे राहू नका. त्याच्या आवाजावर तुमचा आवाज चढवा आणि म्हणा — होय म्हाराजा.