शेरा: निळा

कळव्याच्या चाळीतली रचना शीळफाट्याच्या एका गोदामासाठी माणसं भरती करायची. फेसबुकवर जाहिरात टाकायची, आलेली नावं यादीत चढवायची. यादीतला शेवटचा रकाना शेऱ्याचा. मॅनेजर हितेशचा हुकूमच होता, आधी प्रोफाइल उघड, भीमजयंतीच्या मिरवणुकीतला फोटो दिसला की लिही, 'निळा'. त्या माणसाला पुन्हा फोन जायचा नाही. रचना स्वतः बौद्ध. पण बाईसाहेबांनी आपल्या प्रोफाइलला कुलूप लावलेलं, आडनाव गाळलेलं, आणि दोन वर्षं निमूट 'निळा' लिहीत होत्या. पोटासाठी, म्हणे! पोट काय हिला एकटीलाच होतं?

एका दुपारी भरतीच्या चाचणीत महेंद्र नावाच्या तरुणाने माल उचलायची फोर्कलिफ्ट अशी चालवली की जुने ड्रायव्हर बघत राहिले. त्याचा मिरवणुकीतला फोटो दिसूनही रचनाने पहिल्यांदाच शेरा कोरा सोडला. मग हितेशने स्वतः प्रोफाइल उघडलं.

"हा बघ निळा फेटा. लिही."

"सर, फोर्कलिफ्ट चालवायला घेतोय ना? मग फोटो कशाला बघायचे?"

हितेशने फोटो मोठा केला. महेंद्रच्या मागे, गर्दीत, रचना नाचत होती.

"अच्छा! तू पण?"

तिचा हात टेबलाच्या उघड्या खणात होता. हितेशने लाथ घालून खण बंद केला. बोटं कडकन मोडली.

तिची किंकाळी ऐकून बाहेर बसलेला महेंद्र आत धावला आणि एका ठोशात त्याने हितेशचं नाक फोडलं. दोन वॉचमननी त्याला फरफटत फाटकाबाहेर नेलं आणि डोकं फुटेपर्यंत काठ्यांनी झोडपलं. रचना मध्ये पडली, तिलाही दोन बसल्या.

रस्त्यावर रिक्षाची वाट बघताना महेंद्रने रुमाल स्वतःच्या फुटलेल्या डोक्याऐवजी तिच्या बोटांना बांधला.

"ताई, पण मला का नाय घेतलं?"

गप्प बसली असती तर त्याला कधीच कळलं नसतं. पण ज्याचं रक्त आपल्यासाठी सांडतंय त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. तिने मोबाइलवर यादी उघडून दिली, 'निळा' म्हणजे काय तेही सांगितलं. तो वाचत गेला, आणि गेल्या वर्षीच्या पानावर थांबला. नाव: प्रेम. शेरा: निळा.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

महेंद्रने तिच्या तोंडात इतक्या जोरात भडकावली की ती खडीवर कोसळली.

"भाऊ हाय माझा," तो म्हणाला. "वर्षभर घरात बसलाय. म्हणतो, माझ्यातच कायतरी कमी हाय."