टपाबाहेर चार बोटं

आमच्या धाकट्या आत्याला सगळे सीटवाली म्हणायचे. गाड्यांच्या सीटा शिवण्यात तिची हयात गेली. फाटकी सीट पुढ्यात आली की आधी ती नाक मुरडायची, मग रेक्झिनवर खडूनं रेघ ओढून कात्री चालवायची. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "माप बसलं नाही." त्यापुढं विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिची चैन एकच. गाडीमागं जोडून न्यायचा ठेंगणा ट्रेलर, आत दोन माणसं पाय लांब करून झोपतील एवढा. भंगारातनं आणलेला, पण आतली गादी, पडदे, कप्पे सगळं तिच्या हातचं. तो आमच्या अंगणात उभा असायचा. दवाखान्यातली नर्सबाई तिची जिवाची मैत्रीण. ती आपली गाडी ट्रेलरला जोडायची आणि दोघी तळ्याकाठी नाहीतर डोंगराच्या पायथ्याला जाऊन मुक्काम ठोकायच्या.

पुढं आत्याचा गुडघा बिघडला आणि ते सगळं थांबलं. चालायला लागलं की गुडघा बोंबलायचा. सायकलवर मात्र मुकाट बसायचा लेकाचा. पण सायकली न्यायच्या कशा? ट्रेलरमध्ये घातल्या तर माणसं बाहेर झोपणार, आणि नर्सबाईची गाडी म्हणजे काडेपेटी. तळ्याकाठी जाऊन नुसतं दारात बसायचं, तर घरचं दार काय वाईट होतं?

ट्रेलर जागचा हलेना. चाकांभोवती गवत माजलं, खाली कोंबडी अंड्यावर बसली. आमच्या वडिलांना, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाला, ती जागा खुपायला लागली. त्यांनी परस्पर गिऱ्हाईक गाठलं. एका चहावाल्याला टपरीसाठी ट्रेलर हवा होता, रविवारी सकाळी येऊन तो ओढून नेणार होता.

आत्याला हे कळलं तशी ती तोंडातला दोरा न काढताच आली. मला विचारलंस का, म्हणाली. वडील म्हणाले, विचारायचं काय त्यात, तुझ्यापेक्षा कोंबडी जास्त वापरते. ती हटेना, तेव्हा त्यांनी नको तो शब्द टाकला.

"रविवारी चहावाला यायच्या आत टपावर सायकली चढवून गेटबाहेर काढ. मी तोंड उघडणार नाही. पण तुझ्यानं काय होतंय!"

बस्स. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशातली ती. ट्रेलर गेला तर गुडघ्यासकट आपणही कोपऱ्यात पडणार, हे तिला पुरतं कळत होतं.

दुकानामागं जुन्या बससीटांचे सांगाडे पडले होते. त्यांचे पाइप तिनं काढले. टपाचा पत्रा पातळ, त्यात नुसता बोल्ट मारला तर सायकलीसकट उखडून येणार. म्हणून तिनं बोटाच्या पेरानं टप वाजवत वाजवत आतल्या फासळ्या हुडकल्या, खडूनं खुणा केल्या, शिवणकामाच्या टेपनं रुंदी मोजली आणि शेजारच्या वेल्डरला माप दिलं. त्याला सगळे ठिणगी म्हणत. सांगितलं तसं त्यानं कापलं, पाय जोडले.

सायकली बांधायचे ते आडवे बार टपावर ठेवले. पाय फासळ्यांवर बरोब्बर बसले, पण टोकं दोन्ही अंगानं चार-चार बोटं टपाबाहेर. ठिणगी डोकं खाजवायला लागला. आत्या आपल्याच हाताकडं बघत राहिली. जन्मभर दुमडीसाठी कापड जास्त सोडलेलं, हातानं लोखंडालाही सोडलं होतं.

पायरीवर बसलेले वडील पोट धरून हसले. म्हणाले, आता ते आत दुमड आणि टाके घाल.

ठिणगीनं ग्राइंडर उचलला.

"ठेव खाली," आत्या म्हणाली.

"आत्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"तो हसायच्या आधी कापलं असतं. आता नाही."

झालं. भोकं पाडली, पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर घातलं, बोल्ट आवळले, कडेनं सिलिकॉन भरलं. मग तिनं ठिणगीला बारला लोंबकळायला लावलं. ट्रेलर कुरकुरला, बार हलला नाही. सीटबेल्टच्या पट्ट्या शिवून तिनं दोन्ही सायकली उलट्या बांधल्या. बाहेर आलेल्या त्या चार बोटांचा उपयोग काडीचा नव्हता. तिनं टोकांना लाल रेक्झिनच्या टोप्या शिवल्या, कुणाचं डोकं फुटू नये म्हणून. आणि दादाला लांबूनही दिसाव्यात म्हणून.

रविवारी नर्सबाईनं गाडी जोडली. कोंबडी पाटीत घालून बाजूला ठेवली. ट्रेलर गवतातनं सुटला, अंगण ओलांडलं आणि गेटात अडकला. आमचं गेट एका फाळक्याचं, आतल्या टाकीला अडून पुरतं कधी उघडतच नसे. एक लाल टोपी त्याला जाऊन टेकली.

पलीकडं चहावाला दोर घेऊन उभा होता.

वडील म्हणाले, नाकापेक्षा मोती जड केलास, भोग आता. ठिणगी ग्राइंडर घेऊन पुढं आला. नर्सबाईसुद्धा खिडकीतनं म्हणाली, काप गं, कशाला अडून बसतेस.

आत्या लंगडत गेटापाशी गेली, खालच्या पट्टीला हात घातला आणि म्हणाली, "दादा, वरनं धर."

आता बहीण लोखंडाखाली वाकलेली, तेव्हा भाऊ धरणारच. वडिलांनी धरलं. तिनं खालनं हिसका दिला तसं फाळकं बिजागरीच्या खुंट्यांवरनं सुटलं आणि सगळं वडिलांच्या छातीवर आलं. तिनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. ट्रेलर पुढं सरकला, लाल टोपी खांबाला खरवडत गेली, आणि तो रस्त्यावर.

"अगं, हे धरून मी किती वेळ उभा राहू?"

"आम्ही येईपर्यंत," आत्या म्हणाली आणि गाडीत बसली.

चहावाल्यानं हसत हसत दोर खाली टाकला आणि गेटाला हात दिला.

खांबावर त्या दिवशी लाल ओरखडा उठला. वडील त्यावर चुना फासतात. आत्या जाता-येता तो परत उठवते.