वत्सलाचं उत्तर बरोबर होतं

माझ्या बायकोला माझे सगळे दोष तोंडपाठ आहेत. पाहुण्यांपुढे ती ते हजेरी घ्यावी तसे एकेक पुकारते — विसराळू, चिडका, जेवताना पेपर वाचणारा. पण एक दोष तिच्या यादीत नाही. मुलांनाही तो माहीत नाही. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका किटलीतला चहा प्यायलो, त्या मास्तरांनाही नाही. आज तुम्हाला सांगून टाकतो. तुम्हालाच का, ते विचारू नका. मलाच धड कळत नाही. बहुतेक त्या शालींचा वैताग आला असावा.

हो, शाली. वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी माझा सत्कार काढतं. निवेदन करणारा पोरगा घसा साफ करून म्हणतो, ‘सरांनी खेड्यापाड्यातल्या मुलांना इंग्रजी ऐकायला शिकवलं!’ टाळ्या पडतात. मी हात जोडतो. आणि दर वेळी वाटतं, आता हा माईक ओढून घ्यावा आणि सांगावं... पण घेत नाही. शाल घेतो. घरी येतो. चिडचिड करतो. बायको म्हणते, सत्कार सुद्धा तुम्हाला सोसत नाही!

सोसत नाही, हे खरं आहे.

गोष्ट आहे सत्तरच्या दशकातली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली, त्या सुमाराची. घनसावंगीकडच्या एका गावात मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचो. आमचा तालुका तेव्हा अंबड. माझं घर वाटूरकडचं, जमीनजुमला असलेलं. म्हणजे नोकरी गेली असती तर मी उपाशी मेलो असतो, असंही नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

तर मला औरंगाबादला एक महिन्याच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथं सांगितलं की इंग्रजी आधी कानानं शिकायचं, पुस्तक मिटून ऐकायचं, मग उत्तर द्यायचं. येताना एक टेपरेकॉर्डर दिला आणि एक कॅसेट. कॅसेटवर धडा होता ‘रस्त्यावरचा उत्सव’. कुठल्या तरी विलायती गल्लीत लोक रंगीत कागद उधळतात, ब्रासबँड वाजवतात, तोंडाला मुखवटे लावून नाचतात. मी वर्गात लावला. एकदा, दोनदा, तीनदा. सेल उतरत चालले. हेडमास्तर दारात उभे राहून सेलांकडंच बघत होते.

“काय ऐकलं?” मी विचारलं.

शेवटी मागून एकजण उठला. “सर, त्या मानसाला दम लागल्यावानी वाटून राह्यलं.”

मी चिडलो. पट्टी आपटली. पंधरा दिवस तोच धडा, तोच दम लागलेला माणूस! पोरं कंटाळली आणि मीही. मग एका दुपारी वैतागाच्या भरात म्हणालो, मरू दे ती गल्ली. तुमच्या गल्लीत काय होतं ते सांगा. येईल तशा इंग्रजीत सांगा. आपण तेच टेप करू.

बहुतेकांनी पोळा सांगितला. बैल, झूल, पुरणपोळी — तीन शब्दांत संपला. मग वत्सला उठली.

वत्सला बौद्धवाड्यातली. बाप कोंडिबा दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचा. मुलगी बारीक आवाजाची, पण इंग्रजीत असं नीट बोलायची की मला माझंच प्रशिक्षण फुकट गेल्यासारखं वाटायचं. तिनं एप्रिलातल्या जयंतीची मिरवणूक सांगितली. मी इथं मराठीत देतो, पण तिची वाक्यं अशीच तुटक होती : आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये उत्सव असतो. आई भिंत सारवते. सगळे पांढरे कपडे घालतात. माझे वडील ढोल वाजवतात. मुली लेझीम खेळतात. मिरवणूक वेशीपर्यंत जाते. वेशीपासून परत फिरते. मोठ्या रस्त्यानं जात नाही. मी वडिलांना विचारलं का. ते म्हणाले, चाल.

मी तिच्या आवाजात टेप केलं आणि लगेच लावलं. काय सांगू तुम्हाला! वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. आई काय करते? ढोल कोण वाजवतं? हात वर, हात वर! शिकवणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं. पुढं वीस वर्षं मी जी ‘आपली गल्ली, आपला आवाज’ पद्धत गावोगावच्या मास्तरांना शिकवत फिरलो, ती ही. एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची.

पण ते नाही सांगायचं मला. तेवढंच असतं तर काय होतं?

महिनाभरानं निरोप आला : शिक्षण खात्याचे साहेब नमुना पाठ बघायला येणार. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार. आणि आमच्या संस्थेचे अध्यक्षही पहिल्या रांगेत बसणार. अध्यक्षांचं घर त्या मोठ्या रस्त्यावर, वेशीच्या आत. मिरवणूक वेशीपासून परत का फिरते, हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती.

आता ऐका. मला कुणी काही म्हणालं नव्हतं. हेडमास्तरांना कॅसेटवर काय आहे हेही ठाऊक नव्हतं. अध्यक्षांनी निरोप धाडला नव्हता, डोळे वटारले नव्हते. माझं मीच ठरवलं. शाळा सुटल्यावर एकटा बसलो आणि वत्सलाचा आवाज पुसला. तीच वाक्यं माझ्या आवाजात बोललो. शेवट बदलला. मिरवणूक वेशीपर्यंत जाते, मग मोठ्या रस्त्यानं पुढं जाते, सगळे आनंदी असतात. सगळे आनंदी! — हे मी म्हणालो, स्वच्छ उच्चारात.

पाठ झकास चालला. साहेब मान डोलवत होते. मी विचारलं, मिरवणूक वेशीपासून कुठं जाते?

वत्सलाचा हात वर. दुसऱ्या कुणाचाच नाही. पोरं एकमेकांकडं बघत होती.

“इट टर्न्स बॅक, सर.”

मी म्हणालो, चूक. नीट ऐक. कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. ती उभीच होती. तिची वाक्यं माझ्या तोंडून निघाली, माझा शेवट आला. मी पुन्हा विचारलं. तिनं एकदा टेपरेकॉर्डरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“इट टर्न्स बॅक, सर.”

“बस खाली. कान कुठं असतात तुझे?”

ती बसली. दुसऱ्या एका मुलानं मला हवं ते उत्तर दिलं. पाठ संपला.

तरी अजून मी तिथं पोचलोच नाही. बघा, किती फिरवून राह्यलो तुम्हाला.

ऑफिसात चहा आला. साहेब, अध्यक्ष, हेडमास्तर आणि मी. साहेबांनी विचारलं, उतारा कुणी लिहिला? मी म्हणालो, मीच. ते खूश झाले. मग म्हणाले, “ती उभी राहिली होती ती मुलगी बोलते छान. औरंगाबादच्या मुलींच्या वसतिगृहासाठी मला या भागातून एक नाव द्यायचंय. शिक्षण, राहणं, सगळं तिथंच. पण दोनदा ऐकवूनही तेच चुकीचं उत्तर? असं कसं?”

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. एक माणूस उत्तर काय येतंय म्हणून बघेल, तसं.

मी काय काय म्हणू शकलो असतो! ती गोंधळली, म्हणू शकलो असतो. तिला तिच्या गल्लीचं आठवलं, म्हणू शकलो असतो — ते तर खरंच होतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो,

“साहेब, तिला जरा कमी ऐकू येतं.”

किती सहज म्हणालो. साखर कमी आहे म्हणावं तसं.

“अरेरे,” साहेब म्हणाले. “मग राहू द्या. तिथले वर्ग मोठे असतात. मागं बसली तर काय कळणार तिला?” त्यांनी वहीत काहीतरी खोडलं. त्या वर्षी आमच्या शाळेतून कुणीच गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी पोरं तिच्या कानाशी येऊन ओरडायला लागली. बहिरी वत्सी. एका मास्तरांनी तिला दयेनं पहिल्या बाकावर बसवलं. ते माझ्यासमोर झालं आणि मी हजेरीपटात डोकं घालून बसलो.

चार दिवसांनी कोंडिबा आला. वर्गाबाहेर, चप्पल काढून उभा.

“गुरुजी, पोरीला ऐकू येत न्हाई म्हनं. पन म्या चुलीपाशी हळूच बोललो तरी ती भायेरून जवाब देती. मंग शाळंतच का येत न्हाई?”

खरं बोलायची ही दुसरी वेळ होती. इथं ना साहेब होते, ना अध्यक्ष. एक साधा माणूस मला साधा प्रश्न विचारत होता. मी म्हणालो, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या.

तो घेऊन गेला हो! दिवसभराचं काम बुडवून जालन्याला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हसतच आला, पोरगी मागं.

“गुरुजी, कान बिलकुल साफ हाय म्हन्ला डॉक्टर. तुम्ही बोलले म्हून दाखविलं. लई उपकार झाले.”

त्यानं हात जोडले. मी म्हणालो, चांगलं झालं. वत्सला त्याच्या मागं उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती कंटाळली होती. माझ्यासारख्या माणसाला बघून थकावं, तशी थकली होती.

दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. एकदाही हात वर केला नाही. पास झाली आणि तिचं लग्न झालं. मला त्याच पाठावरून आधी प्रशिक्षक केलं, मग बक्षीस मिळालं.

नंतर एकदाच भेटली. वाटूरच्या फाट्यावर, एसटीची वाट बघत. कडेवर मूल, हातात पिशवी. मी ओळख दाखवली नसती, पण तीच पुढं आली. सासरच्या गावात बालवाडी चालवते म्हणाली. “लेकरांना इंग्लिश बी बोलाया लावते, सर.” मी म्हणालो, छान. जालन्याला निघालोय, असंही सांगितलं. आता बोलावं, असं मनात आलं. खरंच आलं. तेवढ्यात एक गाडी लागली आणि मी चढलो.

“सर!” ती खालून ओरडली. “ही परतूरची हाय! तुम्हाला जालन्याला जायचं ना?”

माहिताय, असा हात केला मी खिडकीतून. परतूरला माझं काही काम नव्हतं. तिथवर गेलो, स्टँडवर तासभर बसलो, आणि दुसऱ्या गाडीनं परत आलो.

तिचं गाव मला माहीत आहे. तिथं एसटी जाते. मी गेलो नाही.

वत्सलाला चांगलं ऐकू येत होतं. तिचं उत्तर बरोबर होतं आणि ते मला माहीत होतं. एक श्रीमंत माणूस चहा पिता पिता माझ्याकडं बघत होता, म्हणून मी तिला बहिरी म्हणालो. दुसरं कारण नव्हतं.