टोमॅटोतली नळी

ल्युएला बार्टोशी वैर धरायचं असेल तर माणसानं आधी आपलं आयुष्य किती उरलंय ते बघून घ्यावं. बाईला घाई म्हणून नसते. उभा जन्म तिनं शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरच्या एखाद्या पोरानं ऑक्टोबरात पुढच्या पोरीच्या वेणीला च्युइंगम चिकटवलं, तर त्याची शिक्षा ती मे महिन्यात द्यायची, आणि पोराला बरोबर कळायचं की ही कशाची.

मी एमरी. हेमलॉक क्रीकच्या आमच्या नेमबाजी क्लबात टार्गेटचे कागद लावतो आणि सामना झाला की भोकं मोजतो. हात थरथरायला लागल्यापासून स्वतः गोळी मारत नाही. जीभ शाबूत आहे, म्हणून हे सांगतोय.

आमचा खेळ बाहेरच्या माणसाला वेड्यांचा वाटतो. सिमेंटच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांच्यावर रायफल, आणि शंभर यार्डांवरच्या कागदात पाच गोळ्या अशा घालायच्या की भोक एकच दिसावं. यात अर्धा वाटा नेमाचा आणि अर्धा रायफल राखण्याचा. दर फेरीनंतर नळीत गज घालायचा, पितळी ब्रश फिरवायचा, औषधात भिजवलेली चिंधी, मग कोरडी चिंधी, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. देव्हाऱ्यातली भांडीसुद्धा कुणी इतकी घासत नसेल. आणि एवढं करून चांगली नळी दारूच्या आगीनं दोन-तीन हंगामांत आतून जळतेच. जळलेली नळी आम्ही फेकत नाही. बागेत टोमॅटोच्या वेलाला काठी म्हणून रोवतो. जाड पोलाद, वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून आमच्याकडे कुणाची उतरवायची असली की म्हणतात, "तुझी रायफल टोमॅटोत शोभेल."

ल्युएलाचा नवरा वेंडेल या खेळात मुरलेला होता. एका फेब्रुवारीत त्यानं शेडमध्ये बसून एक नवी नळी रायफलीवर चढवली. ल्युएला धरायला होती. तिच्या हातून नळी सटकली आणि शिकंज्याच्या कोपऱ्यावर आपटून खालच्या अंगाला नखाएवढा चंद्रकोरीसारखा खड्डा पडला. वेंडेल दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. मार्चात त्याचं हृदय बंद पडलं. त्या नळीतून त्यानं एक गोळी मारली नव्हती.

ती ल्युएलानं मारली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या सामन्यात बाई वेंडेलचं जाकीट घालून टेबलाशी येऊन बसली. आणि नळी अशी निघाली की काय सांगू! अशी नळी माणसाला जन्मात एकदा मिळते, ती पण सगळ्यांना नाही. बाई नवखी, वारा वाचता येईना, तरी तिची भोकं मोजताना मी चष्मा पुसून पुन्हा मोजायचो.

हे हार्लन ट्राउटमनच्या डोळ्यांवर आलं. हार्लन म्हणजे आमच्या क्लबाचा राजा. बंदुका दुरुस्तीचं दुकान त्याचं, राज्याचा चषक त्याच्या दुकानाच्या काचेत, आणि नळीच्या आत बघायची बारीक दुर्बीण तेव्हा आमच्या भागात त्याच्या एकट्याकडे. त्यानं आत बघून जे सांगितलं ते देवाचं वाक्य.

दुसऱ्या हंगामात ल्युएलाच्या गोळ्या एकदम वर-खाली पडायला लागल्या. ती रायफल घेऊन हार्लनकडे गेली. विश्वासानं गेली. त्यानं दुर्बीण आत घातली, डोळा लावला, बराच वेळ हुं हुं केलं.

"जळून गेलीय गं," तो म्हणाला. "काही राहिलं नाही हिच्यात. टोमॅटोला काठी कर."

"इतक्या लवकर?"

"वेंडेलनं घाईत बसवलेली दिसतेय. आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं! असं कर, माझ्याकडे रोपं तयार आहेत, ही मीच नेतो. तुला दुसरी चढवून देतो."

तिनं दिली. वर थँक्यू म्हणाली.

पुढच्या वर्षी हार्लननं राज्याचा सामना पुन्हा जिंकला. आमच्यात रायफल साफ करताना ती उलटी ठेवतात. साफसफाईच्या टेबलावर हार्लनची रायफल तशी उलटी पडली होती, आणि ल्युएला शेजारी आपली चिंधी कापत होती. तिचा अंगठा त्या नळीवर गेला. चंद्रकोर जागच्या जागी होती.

जिथं आम्ही सामन्यानंतर कागद टांगतो त्या फळीला आम्ही रडायची भिंत म्हणतो. तिथं उभं राहून जो तो वाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. ल्युएला तिथं हार्लनसमोर जाऊन उभी राहिली.

"हार्लन, ही वेंडेलची नळी."

"आहे की. मी कुठं नाही म्हणतोय?"

"तू म्हणालास, मेली."

"तुझ्या हातात मेलीच होती." हार्लननं सगळ्यांकडे बघून डोळा मिचकावला. "मुळाशी काजळीचं कडं धरलं होतं. पेस्ट लावून घासलं, निघालं. तुला साफ करता येत नाही त्याला मी काय करू? दिलीस तर तू तुझ्या हातानं! बस धुण्याइतकं सोपं नसतं ते, ल्युएला."

चार-पाच जण हसले. याला म्हणतात केसानं गळा कापणं. मी तर म्हणतो, नळी नेली ते एकवेळ सोडा, पण वेंडेलनं घाईत बसवली हे बोलायची काय गरज होती? घाई त्या माणसाला माहीत नव्हती. लग्नाला नऊ वर्षं लावली त्यानं.

ल्युएला हसणाऱ्यांकडे बघून स्वतःही थोडं हसली. मग माझ्या खोलीत आली. मी कागद मोजत होतो.

"एमरी, ऐकून ठेव. एक दिवस हा आपली जिवंत नळी माझ्या टोमॅटोत ठोकणार. स्वतःच्या हातानं. तोंड खाली करून."

"अगं, हार्लन तो. मरेल पण—"

"मरायच्या आधी," ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातली बिस्किटं खाऊन गेली.

सहा वर्षं तिनं डूख धरला. या सहा वर्षांत ती कुणाला वाईट शब्द बोलली नाही, हार्लनला तर मुळीच नाही. सकाळी भेटला की "काय हार्लन, गुडघा कसाय?" तिकडे घरी शेडमध्ये मात्र तिनं वेंडेलचं एकेक हत्यार हातात घेऊन त्याचं काम शोधून काढलं. गज एका तुकड्याचाच घ्यायचा, दर वेळी पुसून घ्यायचा, नाहीतर त्यावरची धूळच नळी कापते. ब्रश नळीच्या तोंडातून बाहेर गेला की काढून घ्यायचा, उलटा ओढायचा नाही. रायफलीखालच्या वाळूच्या पिशवीच्या कानांना पावडर लावायची म्हणजे रायफल अडखळत नाही. रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीचे स्क्रू दर सामन्याआधी चाचपायचे, जशी ती बसची चाकं लाथेनं चाचपायची. निवृत्त झाली तेव्हा शाळेनं घड्याळ देऊ केलं. ती म्हणाली, घड्याळ नको, मला नळीत बघायची दुर्बीण हवीय. मुख्याध्यापकाला वाटलं दवाखान्याचं काहीतरी असेल.

हळूहळू लोक तिच्याकडे रायफली आणायला लागले. हार्लनकडे गेलं की तो आधी बोलून घ्यायचा आणि मग काम करायचा. ल्युएला काम करायची आणि वर मक्याचं सूप वाढायची.

आणि मग हार्लनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण मला कळलं, कारण तो माझा अभिप्राय विचारायला लागला, जो त्यानं आयुष्यात विचारला नव्हता. त्या वर्षी त्याला नळी मिळाली होती तीही जन्मात एकदाची. हिवाळ्याभर तो तिच्याबद्दलच बोलत होता. या नळीवर राज्याचा चषक शेवटचा घ्यायचा, मग डोळ्यांचं ऑपरेशन, मग खेळ बंद. मे महिन्यात तिच्या गोळ्या वर-खाली पडायला लागल्या.

हार्लनला दुर्बिणीतून धुकं दिसत होतं. हे चारचौघांत कबूल कसं करणार? म्हणून क्लबात साफसफाईच्या टेबलाशी त्यानं आवाज चढवला. "ल्युएला, जरा तुझाही डोळा लाव. माझं बघून झालंय, पण दोघांनी बघितलेलं बरं."

ती शांतपणे उठली. रायफल शिकंज्यात बसवली. दुर्बीण आत सरकवली आणि डोळा लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्या तोंडावरची माशी हलली नाही.

"जळून गेलीय रे," ती म्हणाली. "काही राहिलं नाही हिच्यात."

"इतक्या लवकर?" हार्लन म्हणाला.

त्याच्या दुकानातलं ते बोलणं ल्युएलानं मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. तेच शब्द! त्याला आठवलं नाही. ज्यानं मारलेलं असतं त्याला आठवत नाही.

"एमरी, तू बघ," हार्लन म्हणाला.

मी बघितलं. मुळाशी काजळीचं जाड काळं कडं होतं. त्याच्यापुढं नळी आरशासारखी. शेजारी त्याचा ब्रश पडला होता, त्याचे केस झोपून गेलेले. नव्या ब्रशानं आणि पेस्टनं घासलं असतं तर संध्याकाळपर्यंत नळी पुन्हा गायला लागली असती. त्याला ते झोपलेले केस दिसत नव्हते. आणि हार्लन ट्राउटमनची नळी घाण आहे असं म्हणायची, खुद्द हार्लनसकट, कुणाची छाती होती?

"काळं दिसतंय," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. आणि खरं सांगू? मजा वाटली.

हार्लन खाली बसला. टोपी काढली, घातली. "मग टोमॅटोत गेली म्हणायची."

"माझ्याकडे यंदा रोपं फार झालीयत," ल्युएला म्हणाली. "पण माझी जमीन दगडाची, आणि खांदा स्टिअरिंगनं गेलाय. तूच येऊन ठोकून देतोस का? काकवीची पाई केलीय."

तो आला. पाईसाठी आला, की दुःखात माणूस कुठंही जातो म्हणून आला, मला माहीत नाही. मीही गेलो, सोडणार होतो थोडाच! वाफ्यात रोपं वीतभर झाली होती. हार्लननं नळी उभी धरली.

"तोंड खाली कर," ल्युएला म्हणाली. "मुळाकडची आट्यांची बाजू वर राहू दे, दोरी बांधायला बरी पडते."

नळीचं तोंड म्हणजे आमच्या खेळातला जीव. त्याला नखाचा ओरखडा लागू नये म्हणून आम्ही श्वास रोखून चिंधी काढतो. हार्लननं ते तोंड दगडांत टेकवलं, वर लाकडाचा तुकडा धरला आणि घण घातला. खाली दगड कुरकुरले. ल्युएला हात बांधून उभी होती. प्रत्येक घावाला तिचे ओठ हलत होते. मला वाटतं ती वेंडेलशी बोलत होती.

"खोल घाल," ती म्हणाली. "वारा असतो इथं."

मग तिनं त्याला पाई वाढली. त्यानं दोन तुकडे खाल्ले.

राज्याच्या सामन्यात हार्लन दुसऱ्याच कुठल्यातरी नळीवर खेळला आणि त्याचं नाव निकालाच्या पहिल्या पानावर आलं नाही. चषक शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातून खेळायला आलेला एक दातांचा डॉक्टर घेऊन गेला. ल्युएला चौथी आली, आणि तेवढ्यावर खूश होती.

जुलैअखेर हार्लनचं ऑपरेशन झालं. नव्या डोळ्यांनी त्यानं पहिलं काम काय केलं असेल? दुकानात जाऊन आपल्या सगळ्या नळ्यांत दुर्बीण घातली. सगळ्यांत मुळाशी तेच काळं कडं. एक नळी त्यानं घासली, ती सुधारली. मग त्याला आपला ब्रश दिसला.

ऑगस्टात तो ल्युएलाच्या अंगणात आला तेव्हा मी टोमॅटो तोडत होतो. वेल कमरेएवढा वाढला होता. त्यातून पोलादाचं टोक चमकत होतं.

"तुला दिसलं होतं," हार्लन म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"दिसलं होतं," ल्युएला म्हणाली.

"कडं होतं नुसतं."

"नुसतं कडं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलला होतास?"

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो पुढं झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी नळी धरली. ओढली, पण त्यानंच ती खोल घातली होती.

"वेलाला हात लावू नकोस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. हीच ती, पोरांना बसमधून उतरवणारी. "फळं धरलीयत. हिम पडू दे, मग ये आणि घेऊन जा."

"तोंड गेलं असेल तिचं."

"जाऊ दे की. दिलीस तर तू तुझ्या हातानं."

हार्लननं नळी सोडली आणि तळहात पँटला पुसले. मी, देव मला क्षमा करो न करो, तोंडभर टोमॅटो खात ते बघत होतो. मग तो हळू म्हणाला, "वेंडेलची ती नळी... संपलीय आता. पण टाकली नाही मी. शेडमध्ये आहे. आणून देऊ?"

"आण," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातला वेल काठीवाचून लोळतोय."

शनिवारी त्यानं आणली. फडक्यात गुंडाळून, तेल लावून आणली होती. ल्युएलानं फडकं सोडलं, नळी उलटी केली आणि अंगठा फिरवला. थांबला अंगठा. कोपऱ्यातल्या वेलाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. नळी छातीशी धरून ती पायऱ्या चढली.

"ल्युएला," हार्लन खालून म्हणाला, "आणि माझी?"

"सांगितलं ना, हिम पडल्यावर," ती म्हणाली, आणि जाळीचं दार आतून लावून घेतलं.